जगात जर्मनी, भारतात परभणी

परभणीचा माणूस तुम्हाला कुठेही भेटला तरी पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य ऐकवतोच. "जगात जर्मनी, भारतात परभणी!" याचा नेमका अर्थ काय, हे अठ्ठावीस वर्षं परभणीकर असूनही मला सांगता येणार नाही. आम्ही लहानपणापासून म्हणत आलोय, म्हणून म्हणतो. पण गेल्या महिन्यात एका रविवारी जर्मनी आणि परभणी खरोखरच एका टेबलावर आले. तेही पुण्यात. त्याचीच ही गोष्ट.

तर झालं असं की आमच्या लग्नाला वर्ष होत होतं. मी आपला एखादं चांगलं हॉटेल, फार तर लोणावळा, अशा बेतात होतो. बायकोनं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर एक्सेल शीट ठेवली. नाव : 'ब्रुअरी टूर'. मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर. तीन ठिकाणं, प्रत्येकी दीड तास, मध्ये जेवण, कुठली बिअर चाखायची, शेवटच्या रकान्यात दहापैकी गुण. (दोघंही आयटीवाले असले की घरात असंच होतं. आमच्याकडे किराणा मालालासुद्धा व्हर्जन नंबर असतो.) तळाशी ठळक अक्षरात दोन टीपा. एक, गाडी न्यायची नाही, कॅबनं फिरायचं. दोन, त्या दिवशी ड्राय डे नाही, कालनिर्णय पाहिलं आहे.

ही कोथरूडची. तिच्या घरी सासरेबुवा शनिवारी संध्याकाळी एक ग्लास बिअर घेतात, सासूबाई शेंगदाणे भाजून देतात आणि दोघं टीव्ही बघतात. दारू या विषयावर त्या घरात याहून जास्त काही घडलेलं नाही. माझ्याबद्दल तिची समजूत एवढीच होती की याला बिअर फारशी आवडत नाही. ऑफिसच्या पार्टीत मी एक ग्लास घेऊन दोन तास फिरवत बसतो, हे तिनं पाहिलं होतं. "तुला चांगली बिअर मिळालीच नाहीये, म्हणून," असं तिचं निदान. मी म्हटलं, असेल.

निघताना कॅबमध्ये मी तिला थोडं ज्ञान दिलं. (आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं.) कायद्यानं बघायला गेलं तर महाराष्ट्रात अजूनही दारूबंदीच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि प्यायची तर परवाना लागतो. बिअरला वयाची एकवीस वर्षं पूर्ण पाहिजेत, कडक दारूला पंचवीस. गंमत म्हणजे हा परवाना मिळतो तो प्रकृती जपण्यासाठी! आणि याच राज्यात, आपल्या पुण्यात, २००९ साली डूलालीनं महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली. म्हणजे तिथल्या तिथे बिअर बनवायची आणि तिथल्या तिथेच ग्राहकाला द्यायची. पुढे २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स आली, कोरेगाव पार्कात एफिंगट आलं, आणि मग रांगच लागली.

"तू पिणार आहेस का प्रेझेंटेशन देणार आहेस?" इति बायको.

मुंढव्याच्या पहिल्या ठिकाणी आम्ही बारालाच पोचलो. काचेच्या पलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. रविवार असूनही गर्दी नव्हती, त्यामुळे तिथला ब्रुअर, आमच्याच वयाचा कोल्हापूरकडचा मुलगा, आम्हाला आत घेऊन गेला. पायात गमबूट, हातात पाण्याचा पाइप. म्हणाला, "लोकांना वाटतं आम्ही दिवसभर बिअर पितो. आमचं निम्मं काम टाक्या धुण्याचं आहे."

मग त्यानं एका पोत्यात हात घालून मूठभर दाणे आमच्या तळहातावर ठेवले. "खाऊन बघा." मी चावले. कुरकुरीत, किंचित गोड, आणि चव थेट हॉर्लिक्सची! तो म्हणाला, हॉर्लिक्समध्येही माल्ट केलेली बार्लीच असते. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, आणि मोड जरा वाढले की गरम हवेनं सुकवून थांबवायचे. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. मग हा माल्ट भरडून साधारण पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की ते एन्झाइम पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळायचं, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. साखरेचं अल्कोहोल करायचं काम यीस्टचं.

"म्हणजे नाचणीचं सत्त्वच की," बायको म्हणाली. "आई ताईच्या बाळासाठी करते. भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची."

"एकदम करेक्ट मॅडम. तुमच्या आई माल्टिंग करतात."

माझ्या डोक्यात मात्र नाचणी नव्हती, ज्वारी होती. आमच्याकडे उन्हाळ्यात माय रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवते. सकाळी ते आंबून वर बुडबुडे आलेले असतात. मग शिजवून, लसूण-जिरं घालून आंबील. त्या टाकीचं झाकण उघडल्यावर जो आंबूस वास आला ना, तो मला पाठ होता. तो आमच्या स्वयंपाकघराचा वास होता.

बाहेर येऊन सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला. पहिली गव्हाची, जर्मन पद्धतीची, गढूळ पिवळी. वास घेतला तर केळं आणि लवंग. पण यात केळंही नाही आणि लवंगही नाही, तो सगळा यीस्टचा प्रताप. ब्रुअर सांगत होता की जर्मनीत बव्हेरियामध्ये १५१६ साली कायदाच झाला होता, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी घालायचं, बाकी काही नाही. यीस्ट हा प्रकार तेव्हा कुणाला कळलेलाच नव्हता, म्हणून तो कायद्यात नाही.

जर्मनीचं नाव निघालं म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. आमचं वाक्य फेकलं. तो हसला आणि म्हणाला, "मग परभणीत काय पिकतं?"

"कापूस, सोयाबीन, तूर. आणि ज्वारी." मग मी विचारलं, "ज्वारीची बिअर का नाही करत तुम्ही?"

त्यानं गंभीरपणे उत्तर दिलं. होते, आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या होते. नायजेरियाच्या सरकारनं १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरीजना ज्वारीवर यावं लागलं. पण ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नसतं. ते टरफलच गाळणीचं काम करतं. ते नसलं की लगदा होतो, पाणी खाली उतरत नाही. शिवाय ज्वारीचं पीठ शिजायला जास्त तापमान लागतं, आणि त्या तापमानाला साखर करणारे एन्झाइम दम तोडतात. म्हणजे थोडक्यात, आमची ज्वारी पुण्याच्या प्रोसेसमध्ये बसत नाही. मी पहिल्यांदा पुण्यात आलो तेव्हा माझंही तसंच होतं :)

बायकोला ज्वारीत एकदम रस वाटायला लागला. म्हणून तिला सांगितलं की परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या जातींची नावंच किती छान आहेत. परभणी मोती, परभणी ज्योती. २०१८ मध्ये परभणी शक्ती आली, जिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. १८ मेला विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो, १९७२ ची स्थापना. त्या दिवशी खरीप मेळावा भरतो आणि बियाणं घ्यायला शेतकऱ्यांची झुंबड उडते. अण्णा पहाटे पाचला गावातून निघायचे, मला मोटारसायकलवर मागे बसवून. येताना मांडीवर पिशवी धरायचं काम माझं.

आणि मग मी ते सांगितलं जे सांगायचा माझा विचार नव्हता. की आमची ज्वारी दारूत गेलेली आहे.

मी नववीत असतानाची गोष्ट. खरिपाची ज्वारी काढायला आली आणि पाऊस लागून राहिला. कणसं भिजली, बुरशी धरली, दाणे काळे पडले. अशा ज्वारीची भाकरी कडू लागते, खाणाऱ्याला नको असते. मोंढ्यात आडत्यानं मूठभर दाणे उचलले, नाकाशी धरले आणि म्हणाला, "ही दारूला नाही तर कोंबड्यांला." सातशे रुपये क्विंटल. अण्णांनी दिली. दुसरं करणार काय? धान्यापासून मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं सरकारचं धोरण २००७ साली आलं होतं, त्यावर पेपरात खूप वाद झाला होता. आमच्या घरात मात्र त्यावर एकच वाक्य बोललं गेलं. माय म्हणाली, "घरात येती तेवढी पुरं न्हाई का, आता शेतातून बी जायली."

मेन्यूकार्ड समोर होतं. मोठा ग्लास साडेचारशे रुपये. सवयीनं डोक्यात भागाकार झाला. त्या भावानं चौसष्ट किलो ज्वारी. एका ग्लासात.

"घरात येती म्हणजे?" बायकोनं विचारलं.

मी म्हटलं, कॅब आली बघ.

कोरेगाव पार्कातल्या दुसऱ्या ठिकाणी आम्ही जेवणही केलं. तिथे ग्रेट स्टेट या पुण्याच्याच ब्रुअरीची मीठ घातलेली कोकमाची बिअर नळावर होती. गुलाबी, आंबट-खारट. उन्हाळ्यात सोलकढी प्यायल्यावर जसं बरं वाटतं तसं वाटलं. खरं सांगतो, दिवसभरात मला मनापासून आवडलेली ही पहिली गोष्ट. बायकोनं शीटमध्ये नऊ गुण लिहिले आणि फोन बाजूला ठेवला.

"एक लिटर बिअरला किती पाणी लागतं रे? तो काहीतरी सांगत होता."

"चार ते सात लिटर. धुण्या-बिण्याचं धरून."

एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण पाणी म्हटलं की मला २०१६ आठवतं. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात पाणी नव्हतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यांचं पाणी तोडा, अशी मागणी झाली आणि एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी निम्मी आणि मग साठ टक्के कपात करायला लावली. मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही हॉस्टेलवर त्या बातम्या वाचत होतो.

"त्याच वर्षी तुझे काका गेले ना? कावीळ होऊन?"

आमच्या घरी सगळ्यांना हेच सांगितलेलं आहे. सोयरिकीच्या वेळी तिच्या आईवडिलांनाही हेच सांगितलं. कावीळ. तसं ते खोटंही नाही. डोळे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं. लिव्हर गेलं की असं होतंच. पण कावीळ म्हटलं की समोरचा "पाणी खराब असेल" म्हणतो आणि पुढे विचारत नाही. त्यासाठीच तो शब्द.

मी तिला म्हटलं, कावीळ नाही. दारू. देशी. गावातलंच सरकारमान्य दुकान, सकाळी साडेआठपासून. काका प्यायचे ती उसाच्या मळीची. आमची ज्वारी जायची ती 'इंग्लिश'मध्ये. एवढाच काय तो फरक.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक वर्ष झालं. मला पण कावीळच?"

याला उत्तर नव्हतं. पण एकदा सुरू झालं होतं म्हणून मग उरलेलंही सांगितलं, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, मायलासुद्धा नाही.

काकांनी मला सायकल शिकवली. बारावीनंतर शेतात न राहता इंजिनिअरिंगला जायचं ठरलं तेव्हा अण्णांशी भांडणारे तेच. त्या वर्षी जानेवारीत ते हॉस्टेलच्या गेटवर आले. न कळवता. हातात पिशवी, तिच्यात ज्वारीचं पीठ, हुरडा आणि मायनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. दुपारचे दोन वाजले असतील. तोंडाला वास येत होता आणि शर्टाची बटणं एकआड एक लागली होती. माझ्याबरोबर वर्गातली चार पोरं होती. एकानं विचारलं, कोण रे? मी म्हटलं, "आमच्या गावचे आहेत. शेजारी राहतात."

काकांनी ऐकलं. माझ्याकडे बघून हसले आणि त्या पोरांना म्हणाले, "व्हय, शेजारीच हाव. मायनं पाठवलंय हे." पिशवी दिली आणि स्टँडकडे निघाले. मेमध्ये गेले.

पुढच्या हिवाळ्यात गावात उभी बाटली-आडवी बाटली झाली. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दुकान राहू द्यायचं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडव्या. सह्या गोळा करत माय घरोघर फिरली. ज्या बाईनं आयुष्यात गावच्या पारासमोरून डोक्यावरचा पदर न सावरता पाऊल टाकलं नाही, ती तहसीलला चार वेळा जाऊन आली. आडव्या बाटलीला भरपूर मतं पडली. पण नियम असा की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवी पाहिजेत, नुसती झालेल्या मतदानातली नव्हे. आणि कितीतरी बाया त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेल्या. दुकान राहिलं. अजून आहे.

"मग तू आज आलास कशाला?" बायकोनं विचारलं. रागावून नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

मी म्हटलं, कारण तुझे बाबा ज्या पद्धतीनं एक ग्लास पितात, तसं पिता येतं हे मला बघायचं होतं. मला ते येत नाही. प्रत्येक वेळी ग्लास हातात घेतला की मी दोन हिशेब करतो. एक, हा कितवा. दुसरा, मायला कळलं तर. आवडत नाही असं नाही. ते केळ्याच्या वासाचं मला आवडलं. हे कोकमाचं तर फारच. तेच वाईट आहे.

तिनं तिचा अर्धा उरलेला ग्लास बाजूला सरकवला नाही, याचं मला बरं वाटलं. सरकवला असता तर पुढे मी तिला कधीच काही सांगितलं नसतं. तिनं तो सावकाश संपवला, बिल मागवलं आणि म्हणाली, "बाणेर नको. घरी जाऊ." शीटवर तिसऱ्या ओळीसमोर लिहिलं : रद्द.

कॅब संगमवाडीच्या पुलावर होती तेव्हा फोन वाजला. माय. दर रविवारी रात्री आठच्या सुमारास तिचा फोन येतो. "काय करायलास?" या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे, "घरीच हाव." ऑफिसच्या पार्टीत असलो तरी घरीच, लग्नाआधी हिच्याबरोबर सिनेमाला असलो तरी घरीच.

"जेवलास का?"

"जेवलाव. बाहेर आलोतो."

"कुठं?"

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. मुद्दाम.

"बिअर प्यायला. दोघं बी."

पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता की मला वाटलं रेंज गेली. मागे अण्णांचा टीव्ही ऐकू येत होता, म्हणजे गेली नव्हती.

"सूनबाई बी?"

"व्हय."

"कितीक पेलास?"

मी मनातल्या मनात छोट्या ग्लासांची बेरीज केली. "दोन ग्लास."

"गाडी कोण चालवायलंय?"

"कॅब हाय, माय. ड्रायव्हर हाय."

"बरं केलं." पुन्हा शांतता. मग म्हणाली, "तुझ्या काकाला कवाबी इचारलं की म्हणायचा, चहा पिऊन आलाव." आणि लगेच, "फोन दे तिच्याकडं."

मी फोन दिला. बायको नुसतं "हो आई", "नाही आई", "हो, मला सांगितलं त्यानं" म्हणत होती. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं फ्रिजमधलं ताक काढलं, ज्वारीचं पीठ काढलं, आणि विचारलं, "किती पातळ कालवायचं?"

सकाळी झालेली आंबील तशी बेताचीच होती. गुठळ्या राहिल्या होत्या. दहापैकी सहा.

असो. त्यानंतर चार रविवार झाले. मायचा फोन तसाच आठला येतो. "जेवलास का" च्या आधी आता एक नवा प्रश्न असतो, "आज पेलास का?" मी खरं उत्तर देतो. तीन वेळा 'न्हाई' होतं. एकदा 'व्हय, एक' होतं. तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि सोयाबीनच्या भावाबद्दल बोलायला लागली.